ऊसतोडणीची बाई आणि अकाली रजोनिवृत्ती



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु तो आपल्या शेताच्या बांधापर्यंत आला आहे. तेव्हा बोलणे भाग आहे.

दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबे कऱ्हाड-वाळव्याच्या फडांत उतरतात. नवराबायको मिळून हिशेब 'एक कोयता' असा. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांतही बाईला मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही. अंगावरून जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले, की सल्ला मिळतो : पिशवी काढून टाका.

२०१९ साली राज्य शासनाने श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर हे प्रमाण शंभरांत तीनच्या आसपास होते.

ही शस्त्रक्रिया काही प्रसंगी जीव वाचविते, हे खरे. पण तिच्याबरोबर अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ती ठेवली तरी पुष्कळदा लवकर थकतात. चाळिशीच्या आत असे झाले, की हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या बाईचे पोट डोक्यावरच्या ओझ्यावर चालते, तिची हाडेच हे भांडवल आहे.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्यास सर्व राज्यांना सांगितले. उत्तम झाले. परंतु ज्यांचे गर्भाशय आधीच गेले, त्यांचे पुढे काय?

'त्या बीडच्या; मोजदाद तिकडे व्हावी,' असे कुणी म्हणेल. पण अर्धे वर्ष ती इथे असते. हंगामात घरी चौकशी केली तर दाराला कुलूप, आणि इथे केली तर ती परगावची. दोन्हीकडच्या वहीतून तिचे नाव सुटते. म्हणून संशोधन तिच्या बैलगाडीमागून चालले पाहिजे.

मुंबईस परळला प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संशोधनसंस्था आहे. मिरजेस आणि साताऱ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शासनाने पैसा द्यावा, कारखान्यांनी जागा द्यावी. हंगामाच्या आरंभी फडावरच रक्त, रक्तदाब आणि हाडे तपासावीत. एकच आरोग्यपत्रिका बीडला आणि कृष्णाकाठी चालावी. निदान दहा वर्षे. आणि जे आढळेल, त्यावर औषधोपचार तिला मोफत मिळावा. नुसते मोजून घेणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होईल.

मित्रहो, साखरेचा उतारा आपण दशांशापर्यंत मोजतो. तो ऊस तोडणाऱ्या बाईचे आयुष्य किती घटते, हेही मोजू या.