हौशी बिनतारीतील नवागतास



हौशी बिनतारीची, म्हणजे हॅम रेडिओची, परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी परवाना आणि ‘व्हीयू’ या अक्षरांनी आरंभ होणारे स्वतःचे संकेतनाम ज्याच्या हाती नुकतेच पडले आहे, त्या नवागताला कळ दाबून अवघ्या जगाला साद घालण्याची उत्कंठा वाटावी, हे सर्वथा स्वाभाविक आहे. तथापि माझी त्याला आग्रहाची विनंती अशी, की प्रारंभीचे काही दिवस त्याने केवळ ऐकावे.

परवान्याने बोलण्याचा अधिकार मिळतो, कंपनलहरींची मालकी मिळत नाही. शिवाय, आपल्याला जी जागा निःशब्द वाटते ती रिकामी असतेच असे नाही. 14 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन दूर उतरतात आणि मधला टापू ओलांडून जातात. त्यामुळे पुण्याच्या मनुष्याला मुंबईचा आवाज मुळीच ऐकू न येता, तोच आवाज युरोपात स्पष्ट ऐकू जात असणे सहज संभवते. म्हणूनच, काही क्षण ऐकून झाल्यावरही, ‘ही जागा वापरात आहे काय?’ असे विचारून, आपले संकेतनाम सांगून, उत्तराची वाट पाहण्याचा शिरस्ता आहे, आणि तो मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

एकाचे बोलणे संपताच दुसऱ्याने तत्क्षणी कळ दाबू नये; मध्ये किंचित अवकाश ठेवावा, कारण तेवढ्यातच एखाद्या संकटग्रस्ताला ‘ब्रेक’ म्हणून शिरकाव करून घेता येतो. डिसेंबर 2004 मधील त्सुनामीनंतर, छंदापायी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशी मंडळींनीच अंदमानातील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली होती.

व्यापारी मजकूर आणि गुप्त सांकेतिक भाषा नियमानेच वर्ज्य आहेत. समोरच्याचा आवाज क्षीण येत असताना भिडेखातर ‘पाच-नऊ’ असा उत्तम शेरा देणे मात्र नियमाने दंडनीय नसूनही मला गैर वाटते. त्याला आपल्या एरियलची पारख करायची असते, आणि खोट्या शेऱ्याने नेमका त्याचाच घात होतो.

जुन्या मंडळींवरही एक कर्तव्य आहे. मोर्समध्ये साद घालणारा ज्या गतीने पाठवतो, त्याहून अधिक गतीने त्याला उत्तर देऊ नये. चाचपडत, अडखळत अक्षरे पाठवणाऱ्या नवख्यासाठी निष्णात मनुष्याने आपला हात संथ करावा, आणि त्याने पुनःपुन्हा विचारले तरी तितक्याच सावकाश पुन्हा पाठवावे.