गंजलेला बोल्ट आणि आपली गाडी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, संघाची मालवाहू व्हॅन चालवणाऱ्या ताईंनी सांगितलेला अनुभव. ज्या सभासदांना येता आलं नाही त्यांच्यासाठी तो इथे देत आहोत.)



मला भाषण करता येत नाही. मे महिन्यात गाडी बंद पडली, चिपळूणच्या प्रदर्शनाचा पहिला दिवस बुडाला, आणि त्यावरून गावात बरंच बोलणं झालं. म्हणून काय घडलं ते सरळ सांगते.

शुक्रवारी संध्याकाळी गाडीत कोकम आगळाच्या बाटल्या, फणसाचे पापड आणि आमसुलं भरली. चावी फिरवली, स्टार्टर फिरतोय पण इंजिन धरत नाही. आपल्या गाडीला चावी पहिल्यांदा फिरवली की मागून दोनएक सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो. तो पेट्रोलच्या पंपाचा. त्या दिवशी तो आलाच नाही. फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. हे तुम्हीही लक्षात ठेवा, कारण फ्यूज किंवा रिले गेलेला असताना आख्खा पंप बदलायला लावणारे भेटतात. आपला मात्र पंपच गेला होता.

का गेला, त्यात माझाही वाटा आहे आणि आपल्या सगळ्यांचा आहे. हा पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनंच तो थंड राहतो. आपण दर खेपेला दोनशेचं पेट्रोल टाकायचो, काटा कायम तळाला. खजिनदार काकू, रागावू नका, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून केलेलं ते काम महागात पडलं. पंपाची किंमत आमच्या गटाच्या एका महिन्याच्या बचतीएवढी होती.

काही गाड्यांना मागच्या सीटखाली झाकण असतं, तिथून पंप काढता येतो. आपल्या गाडीची टाकीच खाली उतरवावी लागते. टाकी दोन लोखंडी पट्ट्यांवर टांगलेली, आणि पट्ट्यांचे बोल्ट गाडीच्या पोटाखाली. दापोलीची खारी हवा, चार महिने पाऊस, लाल चिखल. त्या बोल्टांचं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. आपल्या विळीला दोन दिवस पुसलं नाही तर काय होतं?

गाडी ढकलत जवळच्या एका गॅरेजात नेली. नाव घेत नाही. तिथल्या पोरानं उघड्या तोंडाचा फिक्स पाना लावला आणि हिसका दिला. पाना घसरला, बोल्टचं डोकं गोल झालं. दुसऱ्यांदा तेच. मग म्हणाला, "ताई, आता गॅसची बत्ती मारतो, लाल केला की सुटतो." आणि बत्ती घेऊन आलाही.

मला तेव्हा शास्त्र माहीत नव्हतं. पण लहानपणी आईनं पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं तेव्हाचा भडका मी डोळ्यांनी पाहिलाय. मी म्हटलं, टाकीजवळ जाळ लावायचा नाही. तो म्हणाला, "टाकीत पेट्रोल कुठाय, रिकामीच तर आहे. आम्ही रोज करतो." वर दोघं हसले, बाईमाणसाला काय कळतंय म्हणून. मी चावी काढून खिशात घातली आणि टेम्पोवाल्या दादांना दोर घेऊन बोलावलं. तेव्हा छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू. माल अडकणार, तुम्ही सगळ्या मलाच विचारणार, हे दिसत होतं.

दुसऱ्या मिस्त्रींनी ऐकलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, कारण आत नुसती वाफ असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीलाही पेटते. बत्ती सोडाच, त्यांनी सगळ्यात आधी बॅटरीची ऋण तार काढली आणि शेजारचं वेल्डिंग बंद करायला लावलं.

मग त्यांनी जे केलं त्यात जोर कमी आणि वेळ जास्त होता. तारेच्या ब्रशनं चिखल-गंज घासला, आटे दिसायला लागल्यावर गंज सोडवणारं स्प्रेचं तेल नेमकं नट आणि आटे मिळतात तिथे मारलं, आणि म्हणाले, उद्या सकाळी या. रात्रभर तेल मुरू द्यायचं. सकाळी पुन्हा मारलं, बोल्टच्या डोक्यावर हातोडीनं हलके टिचके दिले. त्यानं गंज तडकतो आणि तेल आत शिरतं.

पाना कोणता, ते फार महत्त्वाचं. सहा कोनांची गोटी, तीही बरोब्बर मापाची. ती डोक्याच्या सहाही बाजू धरते. ढिली गोटी किंवा फिक्स पाना फक्त कोपऱ्यांवर बसतो आणि कोपरे खातो. आणि गंमत म्हणजे बोल्ट सोडवायच्या आधी त्यांनी तो किंचित आवळला! मग किंचित सोडला. पुन्हा तेल, पुन्हा आवळ-सोड. चुंईऽ असा आवाज करत हलला की तो येतोय. पण आवाज न करता रबरासारखा मऊ फिरायला लागला, तर तो पिळवटतोय, लगेच थांबायचं, नाहीतर तुटणार. पाना नेहमी आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलताना सटकला की बोटांची सालटी निघतात. ही बघा माझी खूण, तेव्हा ऐकलं नव्हतं.

गोल झालेलं डोकं मात्र गोटीत बसेना. लॉक पकडीनंही धरेना. शेवटी नट फोडायच्या छोट्या साधनानं तो नट पिळून फोडला. कुठे ठिणगी नाही, जाळ नाही. त्या एका नटाला दोन तास गेले. बाकीचे बोल्ट मिळून अर्ध्या तासात सुटले.

टाकी खाली आल्यावर पंपाच्या झाकणाभोवतीची माती आधी पुसून काढली, नाहीतर ती टाकीत पडते. नवा पंप, नवी रबराची रिंग. जुनी परत बसवली की गळती आलीच. बोल्ट नवे घेतले, त्यांना ग्रीस लावलं. गाडी चालू ठेवून खालून गळतंय का ते पाहिलं. शनिवारी चार वाजता गाडी निघाली, रविवारचा एक दिवस विक्री झाली. आगळ उरलं, ते अजून विकतोय.

आता कार्यकारिणीला दोन मागण्या. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, तसे पैसे एकदम द्यावेत. आणि दर पावसाळ्याआधी गाडीखालचे बोल्ट घासून त्यांना तेल मारायला एक दिवस धरावा.

येत्या रविवारी गाडी ग्रामसंघाच्या अंगणात उभी असेल. ज्यांना पाना धरून बघायचाय त्यांनी या. जुने कपडे घाला आणि धातूच्या बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा. बॅटरीच्या टोकांना त्या टेकल्या तर हात भाजतो. लहान मुलांना मात्र आणू नका.