घरच्या कारखान्यांतला दिवा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आंबिवली स्थानकाजवळ, उल्हास नदीच्या परिसरांत मोहने हें गांव आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कृत्रिम रेशमाच्या कारखान्यानें या गांवाची ओळख दूरवर पोंचविली. तो कारखाना २००९ मध्यें बंद पडला. यंत्रें थांबलीं, परंतु यंत्रांवर घडलेले हात सहसा थांबत नाहींत. अशा वस्तींत कोणी पडवींत शेगडा बसवितो, कोणी पंखे आणि मोटारी दुरुस्त करतो, कोणी सुतारकामाचा छंद पुरवितो. हे लहानसे कारखाने घरांत उरलेल्या जागेंत उभे राहतात, आणि त्यांच्या वांट्याला दिवाही उरलेलाच येतो. खोलीच्या मध्यभागीं, छताला पूर्वीपासून असलेला तो एकच दिवा!

मोठ्या कारखान्यांत या गोष्टीची काळजी कायदा घेई. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या सतराव्या कलमानें पुरेसा व योग्य प्रकाश ठेवण्याचें बंधन घातलें होतें. दिव्याची तिरीप डोळ्यांवर येऊं नये, आणि डोळे शिणतील किंवा अपघात संभवेल अशी सावली पडूं नये, हेंही त्यांत सांगितलें होतें. घराच्या उंबरठ्याच्या आंत मात्र निरीक्षक येत नाहीं. तेथें कामगार, मालक आणि निरीक्षक अशा तिन्ही भूमिका एकाच गृहस्थाला पार पाडाव्या लागतात.

कामाचें टेबल बहुधा भिंतीला टेकलेलें असतें. त्यापुढें उभ्या राहणाऱ्याची पाठ खोलीच्या मध्याकडे, म्हणजेच दिव्याकडे होते. करवतीची रेघ जेथें पाहावयाची, नेमक्या त्याच जागीं त्याच्या डोक्याची आणि खांद्याची सावली पडते. प्रकाश अपुरा वाटला कीं गृहस्थ बाजारांतून मोठा दिवा आणतो. खोली उजळते; पण सावली जागची हालत नाहीं. तेव्हां दिवा केवढा असावा हें विचारण्यापूर्वीं तो कोठें असावा हें ठरविलें पाहिजे.

तो टेबलाच्या वर, काम करणाऱ्याच्या कपाळापेक्षां किंचित् पुढें असावा. चार फुटी एलईडीची पट्टी टेबलाच्या लांबीला समांतर लावली तर प्रकाश दोन्ही अंगांनीं येतो आणि हाताची सावली पुसट होते. पट्टीला पुढून आडोसा असावा. उघडा दिवा डोळ्यांसमोर आला तर बुबुळ आकुंचन पावतें आणि उजेडांत असूनही काम अंधुक दिसतें. बारीक कामासाठीं वाकणाऱ्या दांड्याचा एक लहान दिवा निराळा ठेवावा. उजव्या हातानें काम करणाऱ्यानें तो डावीकडे लावावा, डावखुऱ्यानें उजवीकडे. रंधलेल्या फळीवरून हाच दिवा तिरपा धरला कीं दुपारच्या उन्हांतही न दिसलेले ओरखडे स्पष्ट दिसूं लागतात.

आतां प्रमाणाविषयीं. दिव्यांतून निघणारा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्यें मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठावर एक ल्यूमेन प्रकाश पडला कीं तो एक लक्स होतो. साधारण वावरासाठीं दीडशें ते दोनशें लक्स, टेबलावरील कामासाठीं तीनशें ते पांचशें, आणि बारीक जोडकामासाठीं सातशें पन्नास किंवा अधिक लक्स असावे. दहा फूट लांब-रुंद खोलींत दोन हजार ल्यूमेनची एक पट्टी लावली, आणि निम्मा प्रकाश भिंतींनीं गिळला असें धरलें, तर टेबलापर्यंत सुमारें शंभर लक्सच पोंचतात. लहान दिवा मात्र कामाच्या निम्म्या अंतरावर आणला तर प्रकाश जवळजवळ चौपट होतो. म्हणून जवळचा साधा दिवा दूरच्या मोठ्या दिव्यापेक्षां उपयोगी पडतो. भिंतींना पांढरा, चकाकी नसलेला रंग द्यावा आणि दिव्यावरची धूळ पुसत जावी. हा सर्वांत स्वस्त प्रकाश होय.

फिरत्या यंत्रापाशीं आणखी एक धोका दबा धरून असतो. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा असल्यामुळें हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला शंभर वेळां लुकलुकतात. डोळ्यांना तें कळत नाहीं. पण विशिष्ट वेगानें फिरणारें चाक त्या प्रकाशांत स्थिर किंवा संथ भासूं शकतें. थांबलें समजून पुढें केलेलें बोट त्याची किंमत देतें. दिवा विकत घेण्यापूर्वीं त्याखालीं पेन्सिल भराभर हालवून पाहावी. तिची सलग अस्पष्ट पट्टी न दिसतां तुटक तुटक पेन्सिली दिसल्या, तर तो दिवा यंत्रावर लावूं नये.

दिव्याचें आणि यंत्राचें वीजमंडळ वेगळें असावें. यंत्र अडकून त्याचा फ्यूज उडाला तर दिवाही विझतो, आणि हात पात्याजवळ असतांनाच काळोख होतो. हें काम परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घ्यावें. अर्थिंग आणि ईएलसीबी यांत काटकसर नको. उल्हासच्या कांठच्या सखल वस्त्यांनीं २००५ आणि २०१९ च्या जुलैंतील पूर पाहिले आहेत. तेथें बटणें आणि जोडण्या जितक्या उंच, तितक्या बऱ्या.

शेवटीं, खिळा ठोकण्याची घाई करूं नये. काळोख पडल्यावर गृहस्थानें हातांत करवत घेऊन टेबलापाशीं उभें राहावें. घरांतील दुसऱ्या कोणी दिवा धरून हळूहळू पुढें-मागें सरकवावा. ज्या क्षणीं रेघेवरची सावली बाजूला होईल, त्या क्षणीं भिंतीवर खडूनें खूण करावी. दिव्याची जागा ती.