पाठीतील पाण्याची परीक्षा



ज्युबिलीच्या प्रसंगी गोड बोलावे असा प्रघात आहे. परंतु न्यासाच्या रुग्णसाहाय्य निधीविषयी बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, तेव्हा एक कडू हकीकत सांगणे भाग आहे. आम्ही पडलो मास्तर. डॉक्टर मंडळींना विचारून जे समजले तेवढेच सांगतो.

येथील एका घरचा तरुण मुलगा डोकेदुखीने आजारी पडला. पुढे त्यास एकाचे दोन दिसू लागले, तोंड एका बाजूस वाकडे झाले. इंदुरास नेल्यावर डॉक्टरांनी पाठीतील पाणी काढण्याचे सांगताच वडीलधारे अडून बसले. पाठीत सुई टोचली की माणूस लुळा होतो म्हणे! आठ दिवस त्या वादात गेले. मुलास एचआयव्हीची बाधा होती, हे घरात ठाऊक असूनही लाजेपोटी कोणी बोलले नाही. मेंदूच्या आवरणाचा क्षय समजून औषध सुरू झाले. अखेर पाणी तपासले तेव्हा त्यात लिम्फोमाच्या, म्हणजे एका जातीच्या कर्करोगाच्या, पेशी निघाल्या. फार उशीर झाला होता.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली घालतात. मेंदूत मोठी गाठ असल्यास मात्र धोका असतो, म्हणून अशा रोग्याचा आधी स्कॅन पाहतात. जर्मनीच्या क्विंके या डॉक्टरांनी 1891 साली ही रीत पाडली. ती काही कालची नव्हे.

काढलेल्या पाण्यातील पेशी लवकर मरतात, तेव्हा नमुना तातडीने प्रयोगशाळेत पोचावा लागतो. पहिल्या खेपेस काही न सापडल्यास पुन्हा पाणी काढावे लागते. त्यात 1997 साली प्रथम वर्णिलेला प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा तर मोठा फसवा. या जातीच्या बहुतेक लिम्फोमांवर सीडी-20 नावाची खूण असते, ती याच्यावर सहसा नसते. सीडी-138 मुद्दाम शोधावी लागते. रोग्यास एचआयव्ही आहे हे कळले तर तपासणाराच्या मनात ती शंका येणार! शिवाय अशा क्षयात स्टेरॉइड देतात, आणि त्याने लिम्फोमाच्या पेशी काही काळ दिसेनाशा होऊ शकतात. म्हणजे लपविलेली गोष्ट औषधानेच आणखी लपते.

मद्रासच्या मराठी घराण्यातील डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांनी आपली विद्यार्थिनी निर्मला हिच्याकडून रक्ताचे नमुने जमवून 1986 साली या देशातील पहिले बाधित हुडकले. तेव्हा हाती औषध नव्हते. 2004 पासून सरकार औषध फुकट देत आले आहे. वेळेवर व नेमाने घेणाऱ्यास अशा लिम्फोमाचे भय पुष्कळच कमी.

आता निधीविषयी. मदतीच्या अर्जात ‘रोगाचे नाव’ असा रकाना आहे आणि अर्ज पाच-सात हातांतून फिरतो. त्या मुलाच्या वडिलांनी त्या रकान्यापायीच अर्ज केला नाही, असे त्यांनी मागाहून आम्हांस सांगितले. रोग डॉक्टरांस कळावा, आम्हां सभासदांस कशाला? संमतीवाचून कोणाची एचआयव्हीची गोष्ट उघड करू नये, असा 2017 चा कायदाही आहे. तो रकाना काढून डॉक्टरांची चिठ्ठी आणि खर्चाचा आकडा एवढेच मागावे, आणि इंदूरच्या गाडीभाड्याचे पैसे त्याच दिवशी हाती द्यावेत, अशी सूचना आम्ही विश्वस्तांपुढे ठेवीत आहोत.