फळीवरील वळण

दोन माणसांनीं एकच अक्षर काढलें तरी दोघांचें वळण निराळें असतें, आणि परिचिताचें पत्र आपण सही पाहण्यापूर्वींच ओळखतों. रस्त्यावरील स्केटबोर्डिंगचें मर्महि असेंच आहे. एक लांकडी फळी, तिला चार लहान चाकें, आणि पाय बांधण्याची कोणतीच सोय नाहीं; एवढ्या साहित्यावर ही कला उभी आहे.

तिचें मूळाक्षर म्हणजे 'ऑली'. मागच्या पायानें फळीचें शेपूट जमिनीवर आपटावयाचें आणि पुढचा पाय फळीवरून घांसत वर न्यावयाचा, म्हणजे फळी पायांसह अधांतरीं उठते. अ‍ॅलन गेलफंड यानें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही उडी वक्र भिंतीवर साधली; पुढें रॉडनी मलन यानें ती सपाट जमिनीवर आणली. मग मार्क गोन्झालेस व नेटस कॉपस या कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं शहराचे बांक, पायऱ्या व कठडे हेंच आपलें क्रीडांगण केलें.

वळण पाहावें तें कोठें? उडीच्या उंचीकडे सर्वांचेंच लक्ष जातें. जाणता प्रेक्षक मात्र उडीपूर्वींचा रेटाहि पाहतो, म्हणजे एक पाय जमिनीला लावून वेग घेण्याची ढब. लाँग आयलंडच्या जीनो इआनुचीचा नुसता रेटाहि रसिकांच्या कौतुकाचा विषय आहे. नंतर हात पाहावे: ते हवेला झोंबतात, कीं सहज खालीं राहतात? शेवटीं उतरणें: गुडघे आघात गिळतात, कीं फळी खडाडून आदळते? १९९१ सालच्या 'व्हिडिओ डेज' या चित्रफितींत गोन्झालेसच्या खेळाला जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनची साथ आहे. ती शोभते, कारण हा खेळाडूहि ठरीव चालीला ऐन वेळीं बगल देतो.

२०२१ सालीं टोकिओच्या ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ प्रथमच आला. तेथें सात प्रयत्नांपैकीं उत्तम चारांचे गुण धरले गेले, आणि यूटो होरिगोमे यानें ३७.१८ गुणांनीं सुवर्णपदक मिळविलें. गुणांवांचून विजेता ठरणार नाहीं, हें खरेंच. भय एवढेंच कीं, जें मोजलें जातें तेंच मुलें शिकतील, आणि हजारों फळ्यांवर एकच छापील अक्षर उमटेल.

हें टाळणें प्रेक्षकांच्याहि हातीं आहे. एखादा मुलगा वा मुलगी कठड्यापाशीं पुनःपुन्हां पडतांना दिसली, तर उडी किती उंच झाली हें विचारण्यापूर्वीं तिची चाल कशी आहे, तें क्षणभर पाहावें. पाहणाराची नजर घडली, तर खेळणाराला आपलें वळण राखण्याचा धीर येईल.