बुजरी पिले सांभाळताना

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहीजण गालातल्या गालात हसतील. ऊस, कांदा, दुधाचा भाव सोडून कुत्र्याच्या पिलांवर काय बोलायचे? पण आपल्या प्रत्येक वस्तीवर कुत्रे असतेच, आणि ते राखणदार निघणार की भित्रे व चावरे निघणार, हे बरेचसे त्याच्या पहिल्या तीन महिन्यांत ठरते.

चार वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या वेळी शेजारच्या फडात दोन पिले सापडली. आई रस्त्यावर गाडीखाली गेली होती. पाचट पेटवणार, तेवढ्यात तोडकऱ्यांच्या एका मुलीला कुईकुई ऐकू आली, म्हणून ती वाचली. सव्वा महिन्याची पिले, एक नर आणि एक मादी. माणूस दिसला की एकमेकांवर चढून कोपऱ्यात दडत. नर देखणा होता. एका ओळखीच्या गृहस्थांनी मागितला आणि मी आठव्या दिवशी देऊन टाकला. त्यांनी तो विहिरीजवळ बांधला. दुसऱ्या दिवशी मोटार सुरू होताच पिलू गळपट्ट्यातून मान काढून पळाले, ते पुन्हा सापडले नाही. चूक त्या गृहस्थांची नव्हती, माझी होती. तयार नसलेले पिलू मी दिले. मादीला कोणी विचारले नाही, म्हणून ती दहा आठवडे माझ्याकडे राहिली. आज ती एका वस्तीवर शेळ्यांमागे फिरते. तिने मला जे शिकवले, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिले पंधरा दिवस

सापडलेले पिलू घरच्या कुत्र्यांत लगेच सोडू नका. दोन आठवडे वेगळे ठेवा. पार्वो आणि डिस्टेंपर हे रोग पिलांत झपाट्याने पसरतात. रक्ताची हगवण, उलट्या, खाणे बंद, अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कोपऱ्यात एक खोके आडवे ठेवा, त्यात गोणपाट घाला. थंडीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. नुसत्या गाईच्या दुधावर पिलू वाढवू नका, पुष्कळ पिलांना त्याने हगवण लागते. कुस्करलेली भाकरी, मऊ भात, बिनतिखटाचे पातळ वरण, उकडलेले अंडे, असे दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या. कांदा, लसूण, चहा, चॉकलेट देऊ नका. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, हे बागायतदारांनी विशेष लक्षात ठेवावे.

जंताचे औषध वजनाप्रमाणे पशुवैद्यकाकडून घ्या. पिलाला ते दोन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला द्यावे लागते. ज्यांच्याकडे शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांनी कापलेल्या जनावराचे कच्चे फुफ्फुस व काळीज कुत्र्याला कधीच घालू नये. त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास काळजात पाण्याच्या गाठी होतात. गोचीड-पिसवांसाठी पिकावरचे कीटकनाशक चोळण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्याने गोचिडांबरोबर पिलूही मरते.

भीती कशी घालवावी

तीन ते बारा-चौदा आठवडे हा पिलाच्या मनाचा पेरणीचा हंगाम. या काळात जे ओळखीचे होते त्याची भीती पुढे सहसा वाटत नाही. वाफसा गेल्यावर पेरले तर उगवण कमी, तसेच इथे आहे. पुढे सुधारणा होते, पण कष्ट फार पडतात.

बुजऱ्या पिलाला कधीही ओढून बाहेर काढू नका. त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा, डोळ्यांत डोळे घालू नका. हातातला घास थोडा दूर ठेवा. आज ते हातभर अंतरावर येईल, चार दिवसांनी तळहातावरचे खाईल. पहिला स्पर्श छातीला किंवा मानेच्या बाजूला करा, डोक्यावरून हात नेऊ नका. शेपूट पायांत घालणे, कान मागे पाडणे, उगाच ओठ चाटणे, जागीच थिजणे, ही ‘आता पुरे’ अशी त्याची भाषा आहे. तेथेच थांबा. उचलल्यावर मुतले तर रागावू नका. ती खोड नाही, भीती आहे.

रोज एकच नवी गोष्ट दाखवा. ट्रॅक्टर सुरू असेल तर पिलाला लांब बसवून खाऊ घाला, दररोज थोडे जवळ आणा. मोटार, कुकरची शिट्टी, काठी टेकत येणारे आजोबा, डोक्यावर भारा घेतलेली बाई, हेल्मेट घातलेला माणूस, हे सगळे असेच हळूहळू ओळखीचे करा. मुलांना एकेकट्याने, बसून भेटू द्या. घरचे लसीकरण झालेले शांत कुत्रे असेल तर वेगळे ठेवण्याची मुदत संपल्यावर दोघांची गाठ घाला. माणसावर विश्वास कसा टाकायचा ते पिलू त्याच्याकडे पाहून शिकते.

रेबीजबाबत हयगय नको

पिलू लहान आहे म्हणून रेबीज होणार नाही असे समजू नका. दात किंवा नख लागले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जीव वाचणे जवळजवळ अशक्य असते. पिलाला इतर रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवडे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर टोचून घ्या.

केव्हा द्यावे, कोणाला द्यावे

आठ आठवड्यांच्या आत कोणतेही पिलू देऊ नये. बुजरे असेल तर वयापेक्षा वागणे पाहा. हाक मारल्यावर येते का? कान, पंजे, तोंड तपासू देते का? ताट पडले तर दचकेल, पण मिनिटभरात परत येते का? अनोळखी माणसासमोर खाते का? चारही उत्तरे ‘होय’ आली की पिलू तयार झाले.

घेणाऱ्याची वस्ती स्वतः पाहून या. आखूड साखळीला दिवसभर बांधणाऱ्याला, भाताला विषारी उंदीरनाशक लावून उघड्यावर ठेवणाऱ्याला पिलू देऊ नका. देताना सवयीचे गोणपाट, आठवडाभराचे नेहमीचे खाणे आणि लसीच्या तारखांचा कागद बरोबर द्या. पहिले काही दिवस पिलू बंदिस्त जागेत ठेवायला सांगा, नाहीतर ते जुन्या घराच्या ओढीने पळते. गळपट्ट्यात दोन बोटे जातील एवढीच जागा असावी, आणि पिलू वाढते तसा तो सैल करावा. ‘जमले नाही तर रस्त्यावर सोडू नका, मला परत आणून द्या,’ एवढा शब्द घ्या.

शेवटी मादी पिलांबद्दल. मादी नको म्हणून ती बांधावर, बाजारात सोडली जाते, आणि वर्षभरात तिथे नवी पिले दिसतात. यावर उपाय म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नसबंदी. मोकाट कुत्र्यांसाठीही केंद्राच्या 2001 च्या व त्यानंतर 2023 च्या नियमांनी हाच मार्ग सांगितला आहे.

बंधू-भगिनींनो, पाचट पेटवण्यापूर्वी फडाला एक फेरी मारा. पिले सापडली तर दोन-अडीच महिने धीर धरा. माझ्या हातून घाईने एक पिलू गेले, तुमच्या हातून जाऊ नये एवढ्यासाठीच हे सांगितले.