रंगपंचमीची ठंडाई

होळी पेटते फाल्गुन पौर्णिमेला. परंतु माळव्यातील मराठी माणसाचा रंगाचा खरा दिवस त्यानंतर पाच दिवसांनी येतो. वद्य पंचमीला इंदुरात राजवाड्याच्या परिसरातून गेर निघते. तीत भिजून, ओरडून घसा कोरडा झालेली मंडळी दुपारी घरी परततात, तेव्हा त्यांच्यापुढे काय ठेवावे? चहा नकोसा होतो, बाटलीतले सरबत निव्वळ गोड लागते. त्या वेळी शोभते ती ठंडाईच.

ठंडाईचे सारे मर्म वाटण्यात आहे. दहा माणसांसाठी २ लिटर दूध घेतले, तर १०० ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम मगज, तेवढीच बडीशेप, २५ ग्रॅम खसखस, चमचाभर काळी मिरी, १५ वेलदोडे आणि मूठभर सुक्या गुलाबपाकळ्या एवढा जिन्नस पुरतो. तो रात्रीच भिजत घालावा. बदाम मात्र वेगळे, म्हणजे सकाळी साले सहज निघतात. खसखस नीट भिजली नाही तर पाट्यावर कितीही रगडा, कचकच राहतेच. गंधासारखे वाटण झाले की ते थोड्या दुधात कालवून मलमलीतून पिळावे आणि उरलेला चोथा पुन्हा एकदा दूध घालून पिळावा. कितीतरी स्वाद त्या दुसऱ्या पिळण्यात निघतो. साखर पाव किलोच्या वर नको. मिरीत मात्र काटकसर करू नये. घोट उतरल्यावर घशाशी किंचित चुरचुरले नाही, तर ते नुसते बदामाचे दूध झाले! दूध तापवून निववलेले असावे, आणि पातेलेच बर्फाच्या परातीत ठेवावे. पेल्यात बर्फ टाकला की ठंडाई पाणचट होते. शिवाय तो बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विकणाराही सांगत नाही.

आता भांगेविषयी. गांजाच्या झाडाची पाने व बिया, फुलोरा सोबत नसल्यास, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, आणि मध्य प्रदेशात परवानाधारक दुकानांतून भांग विकली जाते. परंतु विकत घेण्याची मोकळीक म्हणजे दुसऱ्याच्या पेल्यात गुपचूप घालण्याची मोकळीक नव्हे. नव्या जावयाला न सांगता भांग पाजणे ही आपल्याकडे मोठी थट्टा समजली जाते. मला तीत विनोद कधीच दिसला नाही. भांगेतील मादक द्रव्य पाण्यात नव्हे, स्निग्धांशात विरघळते. दूध आणि बदाम दोन्ही स्निग्ध, म्हणून ते ठंडाईत चांगलेच उतरते. पोटातून अंगात भिनायला त्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तोवर माणूस ‘काहीच नाही’ म्हणून दुसरा पेला मागतो, आणि मग दोन्ही पेले एकदमच बोलू लागतात. छाती धडधडते, तोंड सुकते, उगाच भीती वाटते. हृदयविकाराच्या माणसाला हे जिवावर बेतू शकते.

गोव्यात २४ जूनला सांजावच्या दिवशी फेणी उघड तिच्या नावाने पुढे येते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिची खरी ओळख तिचा वासच पटवितो. तिला कोणी कोकमाचे सरबत समजणार नाही. भांग मात्र वेलची-बडीशेपेच्या आड लपते. म्हणून जिथे ती करायचीच असेल, तिथे दोन पातेली निराळ्या धातूंची ठेवावीत, ओगराळीही दोन, आणि भांगेच्या पातेल्यापाशी एक शुद्धीतला माणूस बसवावा. मुले, गर्भवती, वृद्ध आणि स्कूटरवरून घरी परतणारे यांचे पेले दुसऱ्याच पातेल्यातून भरावेत.

एवढे करूनही कोणी अजाणता प्यालाच, तर लिंबू-लोणचे चाटवून नशा उतरेल या भरवशावर राहू नये. त्याला शांत खोलीत कुशीवर निजवावे, एकटे सोडू नये. छातीत दुखू लागले किंवा हाका मारूनही तो ओ देईना, तर तडक इस्पितळ गाठावे, आणि पोटात भांग गेली आहे हे डॉक्टरांना संकोच न करता पहिल्याच वाक्यात सांगावे.